लिनक्ससाठीं पुस्तक

पुस्तक विकत घेणें आणि पुस्तक वाचणें या दोन अगदीं निराळ्या क्रिया आहेत, हें ज्याच्या घरीं पुस्तकांचें कपाट आहे अशा कोणत्याहि गृहस्थाला सांगावयास नको. कादंबरी घेऊन न वाचली तर बिघडत कांहींच नाहीं. ती कपाटांत राहते, पाहुण्यांना दिसते, आणि दहा वर्षांनीं एकाद्या पावसाळी दुपारीं हातीं आली तरी होती तितकीच ताजी असते. परंतु एकादी विद्या शिकण्यासाठीं घेतलेल्या पुस्तकाची गोष्ट वेगळी. तें चुकीचें निघालें तर पैसे जातात हा तोटा लहान. मोठा तोटा हा कीं, वाचणाराचा आपल्या बुद्धीवरील विश्वास जातो. ‘विषय अवघड आहे’ असें तो म्हणत नाहीं; ‘मला येण्यासारखा नाहीं’ असें म्हणतो आणि पुस्तक मिटतो. संगणकावरील पुस्तकांच्या बाबतींत हें विशेष घडतें, आणि लिनक्सवरील पुस्तकांच्या बाबतींत आम्हीं तें वारंवार घडतांना पाहिलें आहे.

लिनक्स हें नांव सुशिक्षितांच्या कानांवरून गेलेलें असलें, तरी ती वस्तु काय आहे हें थोडक्यांत सांगणें भाग आहे. आमच्या छत्रपती संभाजीनगरांतील पाणचक्की पाहावयास येणारा प्रवासी हौदांत कोसळणारी पाण्याची धार पाहतो, जातें पाहतो आणि परततो. डोंगराकडील झऱ्यापासून तें पाणी मातीच्या नळांनीं जमिनीखालून येथवर कसें आणलें, हें त्याला दिसत नाहीं. संगणकावर पत्र लिहिणें, हिशेब करणें, चित्र पाहणें हें सारें जात्याचें काम होय. यंत्राची शक्ति त्या जात्यापर्यंत वाटून पोंचविणारी जी जमिनीखालची व्यवस्था, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज ही अशी एक व्यवस्था. तिचे नळ बुजविलेले असून ते उकरून पाहण्याची ग्राहकास मुभा नाहीं. लिनक्सचे नळ उघडे आहेत. कोणींहि पाहावे, आपल्या सोयीनें वळवावे. मात्र वळविलेली प्रत दुसऱ्याला दिली तर तिचें मूळहि त्याला द्यावें, एवढीच अट. ही अट १९९२ पासून तिच्या परवान्यांत आहे. जगांतील अत्यंत वेगवान अशा ५०० संगणकांच्या यादींत २०१७ च्या नोव्हेंबरांत एकूणएक यंत्रावर लिनक्सच होती, आणि वाचकांपैकीं ज्यांच्या खिशांत अँड्रॉइडचा फोन आहे, त्यांच्या खिशांतहि तिचाच गाभा आहे.

उघडें आणि झाकलेलें यांचा हा वाद मराठी माणसाला नवा नाहीं. महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळा, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेविले. त्यामुळें पंथाचें धन पंथांत राहिलें हें खरें. पण मराठीचें तें आरंभींचें गद्य शतकानुशतकें मराठी वाचकालाच अपरिचित राहिलें, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे, भावे प्रभृतींनीं किल्ली लोकांपुढें ठेवली तेव्हां कोठें तें दार उघडलें. उलट, येथून सुमारें पन्नास किलोमीटरांवरील पैठणास एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ सालीं, ज्ञानेश्वरीचा शुद्ध पाठ सिद्ध केला. तो ग्रंथ सर्वांना खुला होता म्हणून त्यांत अपपाठ शिरले, आणि खुला होता म्हणूनच ते काढतांहि आले. एकनाथांनीं शेवटीं मात्र, यांत कोणीं नवी ओवी घालूं नये, असें बजावून ठेविलें आहे. लिनक्सवाले म्हणतात, खुशाल घाला, पण घातली आहे हें लिहून ठेवा. या मतभेदांत आमचें मन एकनाथांकडे ओढतें. पण तो विषय निराळा.

आम्हांला या पुस्तकांच्या वाटेस जावें लागलें तें आमच्या भाचीमुळें. ती कन्नड तालुक्यांतली. दहावीपर्यंतचें शिक्षण मराठींत झालें, मग पदविका, आणि आतां येथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयांत ती शिकते. तिच्याजवळ एक जुना, दुसऱ्याच्या हातचा लॅपटॉप आहे. त्यावरील जुनी व्यवस्था दुरुस्त होऊन मिळेनाशी झाली आणि नवी त्या यंत्राला पेलेना. तेव्हां यंत्र बदलण्यापेक्षां व्यवस्था बदलावी असें तिनें ठरविलें. त्यांतून नोकरीसाठीं जाल तेथें लिनक्स येतें का असें पहिल्या पांच मिनिटांतच विचारतात, हें वसतिगृहांतील थोरल्या मुलींनीं सांगितलेलें. वडिलांनीं मका विकून आलेल्या पैशांतून दोन हजार रुपये पुस्तकांसाठीं म्हणून वेगळे काढून दिले. ते घेऊन ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, “मामा, पुस्तक एकच सांगा. पण असं सांगा, की ते संपेल.”

ही अट आम्हांला फार मार्मिक वाटली. आमची हयात बँकेंत गेली. १९९० नंतरच्या दशकांत आमच्या शाखेंत जीं यंत्रें आलीं, त्यांवर युनिक्स होती. लिनक्स जिच्या वळणावर घडली ती वडीलधारी व्यवस्था. तेव्हां आम्हांला पुस्तक म्हणून कोणीं दिलें नव्हतें; चार पानांची एक झेरॉक्स प्रत हातीं पडली होती, आणि तींत कोणती कळ दाबावी एवढेंच होतें, कां दाबावी हें नव्हतें. पुढें निवृत्तीनंतर त्या ‘कां’चा पाठलाग करीत आम्हीं बरींच पुस्तकें चाळलीं, म्हणून या प्रश्नांत आम्हांला थोडा अधिकार आहे असें समजून आम्ही भाचीबरोबर औरंगपुऱ्यांत गेलों.

दुकानांतील त्या फळीवर प्रथम डोळ्यांत भरतात तीं ‘अमुक तासांत शिका’ या जातीचीं पुस्तकें. त्यांच्या पानोपानीं पडद्याचीं चित्रें असतात, आणि येथें टिचकी मारा, तेथें टिचकी मारा असा उपदेश असतो. हीं भाजीपाल्यासारखीं. ज्या वर्षीं निघालीं त्या वर्षीं ठीक. पुढें पडद्यावरील गुंड्या जागा बदलतात आणि चित्र एक, यंत्र दुसरें अशी गत होते. दुसरी जात परीक्षेच्या पुस्तकांची. प्रमाणपत्राची परीक्षा उत्तीर्ण होण्यास तीं उपयोगी पडतात यांत शंका नाहीं, आणि नोकरीच्या बाजारांत प्रमाणपत्राला मान आहे हेंहि आम्ही नाकारीत नाहीं. परंतु शिकण्याच्या आरंभींच परीक्षेचें पुस्तक घेणें म्हणजे स्वयंपाक शिकण्यासाठीं पंगतीचा हिशेब वाचण्यासारखें आहे.

तिसरी जात बृहद्ग्रंथांची, आणि हिच्याविषयीं आमच्या मनांत नितांत आदर आहे. एव्ही नेमेथ या विदुषीनें आपल्या सहकाऱ्यांबरोबर युनिक्सच्या व्यवस्थापनावर जो ग्रंथ १९८९ सालीं काढला, तो पुढें लिनक्सलाहि पोटांत घेऊन वाढत गेला. बाई २०१३ मध्यें न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाकडे शिडाच्या जहाजानें जात असतां समुद्रांत नाहींशा झाल्या. पांचवी आवृत्ति २०१७ सालीं त्यांच्या नांवासह निघाली. मायकेल केरिस्क यांचा २०१० चा ग्रंथ तर दीड हजारांहून अधिक पानांचा आहे. हे ग्रंथ म्हणजे विहिरी. ज्याला पोहतां येतें त्यानें उडी घ्यावी. भाचीनें केरिस्क यांचा ग्रंथ दोन्ही हातांनीं उचलून पाहिला, किंमत पाहिली, आणि ज्या सावकाशीनें उचलला होता त्याच सावकाशीनें जागच्या जागीं ठेवला.

आपल्या देशांतील लेखकांनींहि या विषयांत चांगली कामगिरी केली आहे. सुमिताभ दास यांचें युनिक्सवरील पुस्तक भारतांतल्या विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्यांच्या हाताखालून गेलें आहे, आणि तें उदाहरणांनीं शिकवितें हा त्याचा मोठा गुण. नागपूरचे यशवंत कानेटकर यांनीं शेल प्रोग्रॅमिंगवर लिहिलेलें पुस्तक बोलण्यासारखें सुबोध आहे. अच्युत गोडबोले यांचा ऑपरेटिंग सिस्टिम्सवरील पाठ्यग्रंथहि प्रसिद्धच आहे. पण हीं तिन्ही पुस्तकें इंग्रजींत! ज्या गोडबोल्यांनीं विज्ञान, अर्थशास्त्र, मानसशास्त्र असे एकाहून एक दुर्गम विषय मराठींत घरोघरीं पोंचविले, त्यांनासुद्धां हा ग्रंथ इंग्रजींतच लिहावा लागला, यांत दोष त्यांचा नव्हे. पाठ्यपुस्तकाच्या बाजाराचा आहे. त्या दिवशीं आम्हीं औरंगपुऱ्यांतील तीन दुकानें पाहिलीं, आणि लिनक्सवरील मराठी पुस्तक तिन्ही ठिकाणीं मिळालें नाहीं. एका दुकानदारानें तर, “मराठीतून कोण घेतं, साहेब?” असा उलट प्रश्न केला. जिनें घेतलें असतें ती आमच्या शेजारींच उभी होती.

कोणतें पुस्तक निवडावें याचा निर्णय करण्यापूर्वीं एका गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधावेंसें वाटतें. ती ही कीं, लिनक्सचा जन्मच एका चांगल्या निवडलेल्या पुस्तकांतून झाला. तिची पूर्वपीठिका अशी. युनिक्स १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं सुरू केली. ऑस्ट्रेलियांतील जॉन लायन्स नांवाच्या प्राध्यापकानें १९७६-७७ च्या सुमारास तिच्या सहाव्या आवृत्तीचें मूळ छापून त्यावर ओळीओळीनें टीका लिहिली. आपल्याकडे संहितेवर भाष्य लिहावें तशी. पुढील आवृत्तीच्या परवान्यांत मूळ वर्गांत शिकविण्यासच बंदी आली, आणि लायन्स यांचें भाष्य झेरॉक्सच्या झेरॉक्स होत हातोहात फिरूं लागलें. अक्षरें पुसट होत गेलीं, वाचणारे वाढत गेले. उघडपणें तें छापलें गेलें तें १९९६ सालीं, म्हणजे जवळजवळ वीस वर्षांनीं.

बंदीमुळें शिकवावयास कांहीं उरलें नाहीं, तेव्हां आम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टानेनबाउम यांनीं मिनिक्स नांवाची एक लहानशी व्यवस्था स्वतःच रचली, आणि १९८७ च्या आपल्या पाठ्यपुस्तकाच्या अखेरीस तिच्या सुमारें बारा हजार ओळी छापून टाकल्या. हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९० च्या उन्हाळ्यांत हें पुस्तक वाचलें. तो फिनलंडचा, पण घरची भाषा स्वीडिश, पुस्तक इंग्रजी. १९९१ च्या जानेवारींत त्यानें संगणक घेतला, मिनिक्स त्यावर चालवून पाहिली, आणि २५ ऑगस्ट १९९१ रोजीं, आपण हौसेखातर एक लहानशी व्यवस्था लिहीत आहों, ती कांहीं मोठी होणार नाहीं, असें त्यानें जाहीर केलें. त्याच्या त्या पहिल्या दहा हजार ओळींच्या आज तीन कोटींहून अधिक झाल्या आहेत.

आम्हांला यांत महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, टानेनबाउम यांचें पुस्तक नुसतें वाचण्याचें नव्हतें. तें चालवून पाहण्याचें होतें. पान वाचावें, यंत्राला विचारावें, यंत्रानें ‘नाहीं’ म्हटलें तर पुन्हां पानाकडे यावें, अशी त्यांत ये-जा होती. म्हणून दुकानांत पुस्तक हातीं घेतल्यावर आमची परीक्षा सोपी असते. मधलेंच एकादें पान उघडावें. त्या पानावर करून पाहण्याजोगें कांहीं आहे का? तें करून पाहिल्यावर पडद्यावर जें उमटेल तें पुस्तकानें दाखविलें आहे का, आणि भलतेंच उमटलें तर काय समजावें हें सांगितलें आहे का? हें तिसरें लक्षण फार थोड्या पुस्तकांत सांपडतें. नवशिका अडतो तो नेमका तेथेंच. आणि बहुतेक लेखकांच्या यंत्रावर कधीं कांहीं चुकतच नाहीं.

पुस्तकाचें साल पाहावें कीं नाहीं, असें पुष्कळ जण विचारतात. पाहावें, पण सर्वत्र सारखें नव्हे. नवें साधन यंत्रावर कसें बसवावें, जाळ्याशीं कसें जोडावें, हें सांगणारें पुस्तक दहा वर्षांचें असेल तर तें दुकानांतच राहूं द्यावें. परंतु कर्निघन व पाइक यांचें १९८४ चें युनिक्सवरील पुस्तक घ्या. तें लिनक्सहून सात वर्षांनीं थोरलें आहे, आणि तरी त्यांतील बहुतेक उदाहरणें आज भाचीच्या जुन्या लॅपटॉपवर जशींच्या तशीं चालतात. शब्द शोधणें, ओळी मोजणें, एकाचें उत्तर दुसऱ्याच्या हातीं देणें या कल्पना पिकलेल्या आहेत; त्या नासत नाहींत.

आणि लिनक्सचें सर्वांत प्रमाणभूत पुस्तक तर तिच्या पोटांतच असतें. काळ्या पडद्यावर ‘मॅन’ हा शब्द लिहून पुढें कोणत्याहि आज्ञेचें नांव लिहावें, म्हणजे त्या आज्ञेचें पान उघडतें. या ग्रंथाची पहिली आवृत्ति ३ नोव्हेंबर १९७१ ची. नांव, रूप, वर्णन अशीं त्याचीं सदरें ठरलेलीं आहेत, आणि त्यांत पहिल्यापासून एक सदर दोषांचें आहे. आपले दोष आपल्याच ग्रंथांत छापणारें शास्त्र आम्हांला दुसरें ठाऊक नाहीं! पण हीं पानें सूत्रांसारखीं आहेत. अर्धी मात्रा वांचली तर वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो म्हणतात, तसा हा प्रकार. ज्याला येतें त्याला एक ओळ पुरते. ज्याला येत नाहीं त्यानें पान दहादां वाचलें तरी हातीं कांहीं लागत नाहीं. सूत्राला वृत्ति लागते. नवशिक्याला हवें असलेलें पुस्तक म्हणजे ही वृत्ति. ती सूत्राची जागा घेणारी नको, वाचणाराला सूत्रापर्यंत नेऊन सोडणारी हवी. भाचीनें ‘संपेल असें’ म्हटलें होतें त्याचा आम्हीं केलेला अर्थ हा.

या कसोटीला उतरलेलें पुस्तक विल्यम शॉट्स यांचें ‘दि लिनक्स कमांड लाइन’. तें २०१२ सालीं छापून निघालें, दुसरी आवृत्ति २०१९ ची. आणि लेखकानें तें कोणींहि फुकट उतरवून घ्यावें असें मोकळें ठेविलें आहे. पांचशेंहून अधिक पानें आहेत हें ऐकून भाचीचा चेहरा उतरला. परंतु पहिला भाग वाचला कीं रोजचें काम चालतें, आणि पुढील भाग लागेल तसे वाचावे अशी त्याची रचना आहे. जोडीला दास यांच्या पुस्तकाची एक जुनी प्रत वसतिगृहांतल्याच एका मुलीकडून स्वस्तांत मिळाली. एक जाड दोनशें पानी वही घेतली. उरलेले पैसे तिनें वडिलांना परत पाठविले, आणि पुस्तकाचे पैसे परत येण्याचा प्रसंग आयुष्यांत प्रथमच आल्यामुळें त्यांनीं आम्हांला फोन करून मुलगी शिकते आहे ना याची खात्री करून घेतली.

ती वही मात्र अगदीं जरूर होती. इंग्रजी शब्द भाचीला अडत नाहींत, वाक्यें अडतात. ‘असें केल्यावांचून तसें होणार नाहीं, जर पूर्वींच अमुक नसेल तर’ असल्या वळणाचें वाक्य आलें कीं ती दोनदां वाचते आणि बोट ठेवून बसते. मुंबईच्या आय. आय. टी.च्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या उपक्रमानें लिनक्सचे पाठ मराठी आवाजांत तयार केले आहेत. त्यांचा तिला चांगला आधार झाला. केरळांत शाळेच्या वर्गांतच मुक्त प्रणाली चालतात आणि त्यांचीं पाठ्यपुस्तकें मल्याळम्‌मध्यें मिळतात. आमच्याकडे तें काम अजून एकेका मुलीच्या वहींत चाललें आहे.

आम्हीं ती वही मागून घेऊन पाहिली. पहिलीं दहा पानें इंग्रजींतून उतरविलेलीं आहेत, आणि मग एकाएकीं भाषा बदलते. १९७३ पासून युनिक्समध्यें ‘पाइप’ नांवाची एक सोय आहे. एका आज्ञेचें उत्तर तिच्यांतून थेट दुसरीच्या पोटांत जातें. भाचीनें तिला ‘पाट’ म्हटलें आहे, आणि खालीं लिहिलें आहे: एका वाफ्याचें पाणी बांध फोडून दुसऱ्या वाफ्यांत, मधें घागरीनें वाहून नेऊं नये. फाईलींचे हक्क समजावून सांगतांना बहुतेक पुस्तकें आकड्यांत शिरतात. हिनें सात-बाऱ्यासारखा उतारा आंखला आहे: मालक, भाऊबंद, इतर गांवकरी, आणि प्रत्येकापुढें पाहणें, लिहिणें, चालविणें अशीं तीन घरें. ज्याला कोणताच उंबरठा आड येत नाहीं असा जो ‘रूट’ नांवाचा सर्वाधिकारी, त्याच्यापुढें तिनें लिहिलें आहे: तलाठी नव्हे, कलेक्टर, कामापुरताच बोलवावा. शॉट्स यांच्या अख्ख्या प्रकरणानें जें केलें नसतें तें या अर्ध्या पानानें केलें, कारण सात-बाऱ्यावरील नांवासाठीं घरांत झालेलीं भांडणें तिनें लहानपणापासून ऐकलेलीं आहेत.

वही आतां वसतिगृहांत फिरते. जालन्याकडच्या एका मुलीनें समासांत दोन ठिकाणीं दुरुस्ती केली आहे, आणि आपलें नांव व तारीख घातली आहे. तें पाहून आम्हांला पुन्हां एकनाथांची आठवण झाली, पण आम्ही कांहीं बोललों नाहीं.

‘प्रोसेस’ या शब्दापुढें मात्र अजून जागा कोरी असून पेन्सिलीनें एक प्रश्नचिन्ह काढलेलें आहे. आम्हीं ‘प्रक्रिया’ असा शब्द सुचविला. भाचीनें मान हलविली. “मामा, तो पुस्तकातला झाला. ‘किल’ म्हटलं की ती मरते ना? आणि मूल मेल्याचं आईनं विचारलं नाही, तर ती भूत होऊन बसते, असं खुद्द पुस्तकातच लिहिलंय. प्रक्रिया कशी मरेल? मरणारा शब्द शोधा.” आम्ही शोधीत आहों.